जेवणाच्या चौकशीसाठी घेतलेला प्लेअर

आमच्या रहाटणीच्या फ्लॅटमधला टीव्ही चाळीस इंची आहे आणि त्याच्याभोवतीचं फर्निचर शाबूत आहे तोवर तो चाळीस इंचीच राहणार. फ्लॅट घेतला तेव्हा सुताराने टीव्हीचं माप घेऊन प्लायवूडची अशी चौकट ठोकली की चारी बाजूंनी जेमतेम बोटभर फट उरली. वर काचेचं शोकेस, खाली ड्रॉवर. "साहेब, एकदम फिट," तो छाती काढून म्हणाला होता. मीही कौतुक केलं. चाकणच्या एका कारखान्यात बाहेरून आलेले सुटे भाग तपासून आत घेण्याचं माझं काम. काहीही मापात बसलेलं दिसलं की मला बरं वाटतं. जग पुढे पंचावन्न इंचांवर जाणार आहे, हे सुताराला सुचलं नाही आणि मलाही नाही.

टीव्हीला काही झालेलं नाही, हेच त्याचं दुर्दैव. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. फक्त तो फुल एचडीच्या काळातला आहे, म्हणजे पडद्यावर आडवे एकोणीसशे वीस ठिपके आणि उभे एक हजार ऐंशी. त्याहून जास्त ठिपक्यांचं काही त्याच्यापुढे ठेवलं की तो सरळ नाही म्हणतो. तो आणि मी साधारण एकाच स्वभावाचे आहोत.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा व्हिडिओवाला घरी आला आणि म्हणाला, "काका, सगळं फोर के मध्ये करू. पुढच्या पिढीला उपयोगी पडेल."

"आमच्या घरात फोर के दाखवणारी एकही वस्तू नाही," मी म्हणालो.

"लग्न एकदाच होतं, काका."

लग्नघरात ह्या वाक्यावर अपील नसतं. फुलांच्या कमानीपासून नवरदेवाच्या एंट्रीला सोडायच्या धुरापर्यंत सगळं ह्याच वाक्यावर मंजूर झालं होतं. फोर के म्हणजे आडवे तीन हजार आठशे चाळीस ठिपके, माझ्या टीव्हीच्या नेमके दुप्पट, उभेही दुप्पट, म्हणजे एकूण चौपट. चौपट लग्नाचं मी करणार काय, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

लग्नानंतर त्याने तीन गोष्टी आणून दिल्या. एक, साबणाच्या वडीएवढी हार्ड डिस्क, तिच्यात सगळं लग्न फोर के मध्ये. दोन, फोनवर पाहण्यासाठी त्याचीच लहान केलेली प्रत. आणि तीन, चार मिनिटांची फिल्म. तिच्यात माझी मुलगी आणि जावई कुणाच्या तरी शेतातून एकमेकांकडे इतक्या सावकाश चालत येतात की लग्नाबद्दल दोघांनीही फेरविचार केला असावा अशी शंका येते. मुळात हे लग्न चहापोह्यांवर ठरलेलं आहे आणि त्या शेताशी दोन्ही घरांचा काडीचा संबंध नाही.

ही फिल्म पाहून आमचे सासरे म्हणाले, "ह्ये र्‍हाऊ द्या पाव्हणं. जेवनाचं लावा."

त्यांचं हे म्हणणं समजायला थोडं मागे जावं लागेल. बायकोचं माहेर राजगुरुनगरकडचं, पिढीजात शेतकरी घर. सासूबाई गेल्या आहेत, बायकोला भाऊ नाही, त्यामुळे सासरे, म्हणजे आबा, गावी एकटेच. लग्नाच्या आधीच त्यांचा अंगणात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तारीख ठरलेली, कार्यालय ठरलेलं. "माझ्यापायी पोरीचं लगीन थांबवाल तर याद राखा," असं त्यांनीच स्ट्रेचरवरून बजावलं. नातीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा ते चिंचवडच्या दवाखान्यात छताकडे बघत पडले होते. ऑपरेशननंतर ते आमच्याकडे आले, कारण आमच्या इमारतीला लिफ्ट आहे. टीव्हीसमोरचा दिवाण त्यांचा झाला.

गावी आबांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं घर एकाच अंगणात आहे. रस्त्यासाठी जमीन गेली तेव्हा कडेची पट्टी कुणाची, यावरून दोघांत बिनसलं आणि बोलणं बंद झालं. अंगण एक, नळ एक, आणि शब्द नाही. ह्याला लागणारी शिस्त आमच्या कारखान्यात एकाही शिफ्टला जमलेली नाही.

बायको स्वतः जाऊन काकांच्या दारात पत्रिका ठेवून आली होती. लग्नाला काका आले, एवढं सगळे सांगत होते. पण त्यांच्या भावकीत येण्याला किंमत नाही. वैरातला माणूस येतो, अक्षता टाकतो आणि जातो. ते पोरीसाठी असतं, वैर होतं तिथेच राहतं. प्रश्न असतो तो जेवला का. जेवला तर मिटलं. मग कुणी कुणाची माफी मागायची नाही, दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागायचं. माणसांनी आजवर काढलेल्या समेटाच्या पद्धतींत मला ही सर्वांत स्वच्छ वाटते. तिच्यात एकच उणीव, की जेवल्याची पोच मिळत नाही.

आणि आबांना ती पोच हवी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गावी जायला हरकत नाही, पण हाकेच्या अंतरावर माणूस पाहिजे. हाकेच्या अंतरावर धाकटा सोडून कुणी नव्हतं. धाकटा जेवला असेल तर आबा घरी जाऊ शकत होते. नसेल तर नाही.

"आबा, इथेच राहा ना कायमचे," बायको रोज म्हणायची.

"हितं खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसती," आबा म्हणायचे. "मानूस मरंल ते निदान गोठ्याकडं बघत तरी मरंल का न्हाई?"

साक्षीदार भरपूर होते. एक मावशी म्हणाली, अक्षता टाकल्या आणि लगेच निघाले. एक शेजारी म्हणाला, दाराशी चपला घालताना पाहिलं. तिसरा म्हणाला, मी स्वतः शेजारी बसून जेवलो. मग चौकशीत कळलं की हा गृहस्थ दुसऱ्याच लग्नाबद्दल बोलत होता, त्याच कार्यालयातल्या. काकांना फोन करून विचारा, असं मी एकदा सुचवलं. बापलेकी दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जणू काकांच्या ताटात डोकावायला निघालो होतो.

"असं कुनी ईचारतं व्हय? जेवला का म्हून?"

बायको म्हणाली, "तुमच्या मराठवाड्यात विचारत असतील."

तेव्हा पुरावा एकच उरला, जेवणाच्या हॉलचं चित्रीकरण. फोनची प्रत आबांना फोनवर दिसेना. त्यांना माणसं मुंग्यांएवढी वाटत. ती मी पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावली. टीव्हीने ती आनंदाने दाखवली. पण कॅमेरा हॉलच्या एका टोकावरून लांबवर फिरवलेला, शे-दोनशे माणसं टेबलांशी बसलेली, आणि प्रत इतकी पिळून काढलेली की प्रत्येकाचा चेहरा थालीपीठासारखा.

"ह्यो धाकटा का?" आबांनी काठीने दाखवलं.

"आबा, ते खुर्चीचं कव्हर आहे."

"मग ह्यो?"

"तो कूलर."

मी मूळ हार्ड डिस्क लावली. टीव्हीने आधी डिस्कच ओळखली नाही. बरीच खटपट करून ओळखवली तर म्हणाला, ही फाइल चालणार नाही. नवे कॅमेरे ज्या पद्धतीने चित्र दाबून ठेवतात, ती पद्धत निघण्याच्या आधीचा त्याचा जन्म. म्हाताऱ्या माणसापुढे नव्या लिपीतला कागद ठेवण्यासारखं ते होतं.

मग सल्ले सुरू झाले. कारखान्याच्या कँटीनमध्ये सल्ल्याला वेळेचं बंधन नाही. "राव, पंचावन्न इंची घेऊन टाका, ऑफर चालू आहे." पंचावन्न इंची बसवायला मला आधी भिंत शेजारच्या काळेवाडीकडे सरकवावी लागली असती. "भावा, ती काडी घे ना, टीव्हीला मागून लावायची." ती काडी इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवते, पण तिला हार्ड डिस्क लावायला भोकच नाही. "लॅपटॉप लाव." आमचा लॅपटॉप इतका जुना, की फोर के चालवायला सांगितल्यावर त्याने पंखा असा फिरवला की आबांनी पांघरूण मागितलं.

त्या गोंधळात एका दुपारी मला हिशेब सुचला, आणि हिशेब सुचला की मी शांत होतो. मूळ चित्र माझ्या पडद्याच्या चौपट. ते अख्खं एकदम दाखवायचं तर आटवून पाव करावं लागणार, म्हणजे तीन हिस्से ठिपके फुकट. पण चित्र थांबवून त्याचा फक्त एक चतुर्थांश भाग पडद्यावर घेतला, तर? तो बरोबर एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी भरतो. ठिपक्याला ठिपका. वरचा डावा कोपरा, वरचा उजवा, खालचे दोन. अशा चार फेऱ्यांत सगळा हॉल माझ्या जुन्या टीव्हीवर एकही ठिपका वाया न जाता तपासता येईल. मला हवा होता एक छोटा प्लेअर, जो डिस्क वाचेल, नवी पद्धत उलगडेल, आणि थांबवलेलं चित्र मोठं करून दाखवेल.

पिंपरीच्या दुकानात मी हार्ड डिस्क खिशात घालून गेलो. दुकानदाराने पहिलाच खोका पुढे केला. त्यावर सोनेरी अक्षरांत एट के.

"लावून दाखवा," मी डिस्क काढली.

"काका, खोक्यावर लिहिलंय की."

"आमच्याकडे खोक्यावर लिहिलेलं वाचून माल आत घेतला असता, तर रस्त्यावर गाड्यांऐवजी खोकी पळाली असती."

त्याने नाइलाजाने तो दुकानातल्या भल्यामोठ्या टीव्हीला लावायला घेतला. मी म्हणालो, ह्याला नको, माझ्यासारख्या जुन्या टीव्हीला लावा. तसा टीव्ही दुकानात एकच होता, गल्ल्यामागे, आणि त्यावर दुकानातल्या कॅमेऱ्यांचं चित्र चालू होतं. ते काढून माझं लग्न लावावं लागलं. तेवढा वेळ दुकानदार एका डोळ्याने दाराकडे आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

एट के वाल्यावर लग्न धक्के खात चाललं. माणूस घास उचलायचा, थांबायचा, आणि एकदम चावायलाच लागायचा. आमच्या सासरवाडीची माणसं जेवताना इतका विचार करत नाहीत. दुसऱ्या प्लेअरवर हालचाल सुरळीत, पण रंग उडालेले. मुलीचा डाळिंबी शालू पेजेच्या रंगाचा आणि सगळे वऱ्हाडी आजारातून उठल्यासारखे. नव्या कॅमेऱ्याचे भडक रंग जुन्या टीव्हीच्या कुवतीत बसवून द्यावे लागतात, ते ह्याला येत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "काका, टीव्ही बदला."

"टीव्ही बदलायचा तर सुतार बदलावा लागतो."

हे त्याला कळलं नाही. तिसरा प्लेअर त्याने मागच्या फळीवरून धूळ झटकून काढला. काळा, चपटा, खोक्यावर कसलंही सोनेरी अक्षर नाही. इंटरनेटवरचं काही दाखवत नाही म्हणून कुणी घेत नव्हतं. तो डिस्क लावताच गपचूप चालू झाला. शालू डाळिंबी आला.

"आता चित्र थांबवा आणि कोपरा मोठा करून दाखवा."

दुकानदाराने माझ्याकडे, मग कॅमेऱ्यांच्या त्या पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, लग्नात चोरी झाली का?"

"नाही. जेवणाची चौकशी आहे."

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. पिशवीसुद्धा मोठी दिली.

रविवारी दुपारी जोडणी. केबल टीव्हीच्या मागे खुपसायची होती आणि सुताराच्या बोटभर फटीतून माझा पंजा जाईना. शेवटी बायकोने बांगड्या काढल्या, हात आत घातला आणि चाचपडत म्हणाली, "तुमच्या त्या एकदम फिटला काय म्हणायचं ते मी नंतर म्हणीन." केबल बसली.

"आधी मंगलाष्टका बघू या, आबा," ती म्हणाली. "तुमच्या नातीचं लग्न आहे."

"पोरगी बगतो की. तिचं एकदा दाव."

मी दाखवलं. मुलगी पाटावर उभी, मान खाली, मुंडावळ्यांचा एकेक मणी सुटा दिसत होता. आबा दिवाणावर पुढे सरकले. बराच वेळ बघत राहिले आणि मग काठी जमिनीवर टेकवून म्हणाले, "आता जेवान."

मी हॉलचं चित्र थांबवलं आणि कामाला लागलो. वरचा डावा चौथा हिस्सा. सगळे चेहरे ओळखू येण्याजोगे. व्हिडिओवाल्याबद्दल मनात जे जे बोललो होतो त्यातलं निम्मं मी तिथे मागे घेतलं. टेबलामागून टेबल, खुर्चीमागून खुर्ची. बसलेला प्रत्येक माणूस बायको ओळखून सांगत होती आणि मी पुढे सरकत होतो. वरचा उजवा. खालचा डावा. खालचा उजवा. मग कॅमेरा जरा फिरलेला, पुन्हा थांबवून पुन्हा चार हिस्से. जेवणाऱ्यांत काका कुठेच नव्हते.

"नाही, आबा," मी शेवटी म्हणालो. रिमोट खाली ठेवला. "ताटावर बसलेल्यांत काका नाहीत. सगळे तपासले."

बायको खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आबा पडद्याकडेच बघत होते. त्यावर खालचा उजवा कोपरा तसाच थांबलेला होता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमी बसल्यालंच कशापायी बगताय?"

"जेवणारा बसूनच जेवणार ना?"

"ह्यो हुबा हाय त्यो कोन?"

मी पाहिलं. दोन टेबलांच्या मधे पाठमोरा वाकलेला एक माणूस, हातात परात. असे दहा-बारा उभे होते आणि ती सगळी कॅटरिंगची माणसं म्हणून मी त्यांना तपासणीतून वगळलं होतं.

"तो वाढपी आहे, आबा."

"वाढप्याला टोपी घालाया लावलं का तुमी? त्याची कंबर बगा. उपरणं बांदलंय. फुडं घ्या जरा."

मी एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. माणूस सरळ झाला, वळला. पांढरी टोपी, कोपरापर्यंत सारलेल्या बाह्या, कमरेला घट्ट बांधलेलं उपरणं, परातीत जिलबी. तोंड अर्धवट उघडं, समोरच्या पाहुण्याला आग्रह चाललेला. चेहरा आबांचाच, थोडा कमी सुरकुत्यांचा. बायको खिडकीपासून पळत आली आणि टीव्हीला जवळजवळ नाक लावून म्हणाली, "काका!"

मी तरीही माझ्या खात्याला शोभेल असंच बोललो. "पण म्हणजे ते जेवले की नाही, हे ह्यातून सिद्ध होत नाही."

बापलेकींनी पुन्हा एकदा माझ्याकडे तसंच पाहिलं.

"घरचा मानूस पंगतीत बसतो का?" आबा म्हणाले. "पाव्हणा बसतो. घरचा वाढतो आनि समद्यांच्या मागनं जेवतो. म्या तिथं न्हवतो. माझ्या जागी कोन तरी परात धराया नको?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र जोरात शिंकरलं. "फोन लाव गं त्याला."

बायकोने काकांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. पलीकडून "हॅलो" आला. इतक्या वर्षांनंतर पहिलं वाक्य काय असावं याचा आबांनी एक क्षणही विचार केल्याचं दिसलं नाही.

"काय रं, माझ्या नातीच्या लग्नात जिलबी कुनाला ईचारून वाढीत व्हतास?"

पलीकडून आबांसारखाच आवाज आला. तसाच खरखरीत. "मग कोन वाढनार? तुझं जावई? त्ये तर केटरिंगवाल्याबरुबर ताटं मोजीत व्हतं."

हे खरं होतं. वधूपित्याने ताटांचा आकडा पडताळून पाहू नये असा काही नियम नाही. पण त्या दिवशी काका माझ्या शेजारून परात घेऊन गेले असणार आणि मी त्यांच्याकडे पाहिलं असेल ते मोजायच्या ताटांच्या आड आलेला माणूस म्हणून. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. आबा फोनवर म्हणत होते, "व्हय, त्येंचं तसंच हाय. आता मोजमाप करून टीवीवर लगीन दावत्यात."

पुढच्या रविवारी काका जीप घेऊन आबांना न्यायला आले. दारात चपला काढताना त्यांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "आकडा बरुबर व्हता ना, पाव्हणं?" आबांचं गाठोडं दिवाणावर बांधून तयार होतं. दोघा भावांनी आधी टीव्हीवर जिलबीचं दृश्य पाहिलं. काकांचं म्हणणं पडलं की कॅमेऱ्यात त्यांचं पोट जरा जास्त दिसतं. मी म्हणालो, ठिपक्याला ठिपका आहे, जास्त दाखवायची सोय नाही.

मग बायकोने ताटं मांडली. काका सवयीने बाह्या सारत स्वयंपाकघराकडे वळले, तसं आबांनी काठी आडवी घातली.

"बस. हितं आपुन दोघंबी पाव्हणं."

काका बसले. दोघं भाऊ शेजारी शेजारी, ताटांना हात न लावता, कुणीतरी काहीतरी करण्याची वाट बघत. मी दारात उभा राहून हे सगळं नीट पाहत होतो.

"अहो, बघताय काय," बायको आतून म्हणाली. "वाढा."

मी जिलबीचं ताट उचललं.